पाचव्या भागाला नावं आम्ही ठेवली म्हणून सहावा अडवू नका : आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सेक्रेटरी आणि कार्यकारिणीतले सगळे काका, मावशी, गुरुजी,

सप्रेम नमस्कार.

मी तोच, बर्फ फॅक्टरीत हिशेब लिहिणारा, ज्याने जून-जुलैत रोज संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये बसून हॅरी पॉटरचा पाचवा भाग वाचून दाखवला. हॉलची चावी अजून माझ्याकडेच आहे, त्याबद्दल शेवटी बोलतो. गेल्या रविवारच्या मीटिंगमध्ये तुम्ही दोन गोष्टी ठरवल्यात असं कळलं, म्हणजे कळलं कसलं, बोर्डावर नोटीसच लागली. एक, या मालिकेचा सहावा आणि सातवा भाग वाचनालयाने घ्यायचा नाही. दोन, लेखी परवानगी नसताना तीन किंवा जास्त जणांनी हॉलमध्ये जमून वाचन करायचं नाही. कारण काय, तर अभिप्राय वहीत वाचकांची नाराजी दिसून येते.

आता ती नाराजी आमचीच आहे हो. वही भरली ती आम्ही. त्यामुळे तिचा अर्थ काय ते आम्हाला विचारायला हवं होतं असं मला वाटतं, आणि कोणी विचारलं नाही म्हणून हे पत्र मी सगळ्यांना दिसेल असं लिहितोय. राग नसावा.

तुमच्यातल्या दोघा-तिघांनी हॉलमध्ये कधी पाय ठेवलेला नाही म्हणून आधी थोडं मागचं सांगतो. एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद, एकसष्ट दिवस. होड्या वर ओढलेल्या, फॅक्टरीत बर्फ कोणाला नको, मी नुसता मीटर रीडिंग घेऊन बसलेला. खलाशी जाळी शिवतायत, नाहीतर पत्ते. तर चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी पहिला भाग, तो परीसवाला मराठी, हॉलमध्ये मोठ्याने वाचायला घेतला. ऐकायला एक सातआठ जण, त्यात तेव्हा तिसरीतली एक मुलगी आजीबरोबर आलेली. पुढचे चार भाग इंग्रजीत मिळाले, गावातल्याच एका मुंबईकर मुलीने लग्न होऊन जाताना पेटीभर पुस्तकं वाचनालयाला देऊन टाकली त्यातले. पण तिच्या पेटीतही पाचव्यापर्यंतच होते. तेव्हापासून माझं चालू आहे, डोळे इंग्रजीवर आणि तोंडाने आपलं अर्धं मराठी अर्धं मालवणी, दर पावसाळ्यात एक भाग. ती तिसरीतली मुलगी आता सातवीत आहे.

हे लक्षात घ्या, कारण माझा सगळा मुद्दा इथेच आहे. त्या मालिकेत एका पुस्तकात जादूच्या शाळेचं एक वर्ष जातं. पोरगा पहिल्या भागात अकरा वर्षांचा होतो आणि सातव्यात सतरा. आपल्याकडे फास्टर फेणे घ्या, मी त्याच्यावरच वाढलो, वीसेक पुस्तकं, आणि तो बन्या शेवटपर्यंत तसाच विद्याभवनचा शाळकरी. मजाच आहे ती, मला त्यात काही कमी वाटत नाही. पण इथे लेखिकेने पोराला खरोखर वाढवलाय. पहिलं पुस्तक १९९७ सालचं, इंग्लंडच्या आवृत्तीत २२३ पानं, सतरा प्रकरणं, आठनऊ वर्षांच्या पोरालाही झेपेल असं. पाचवं २००३ च्या जूनमधलं, ७६६ पानं, अडतीस प्रकरणं. चौथं २००० च्या जुलैत आलं होतं, म्हणजे मधे तीन वर्षं जगभरची पोरं नुसती वाट बघत बसली, आणि वाट बघून बघून हातात काय आलं तर उशीएवढं पुस्तक आणि त्यात एक चिडका हिरो. जी नावं आम्ही ठेवली तीच तेव्हा जगभर ठेवली गेली. लांबलंय. हॅरी सारखा ओरडतो. शाळाच शाळा चाललीय. आवडता माणूस मारला. आम्ही काही नवीन बोललेलो नाही, फक्त मालवणीत बोललो.

बरं, लांबण आहे ही तक्रार मी स्वतः वहीत लिहिलीय. ती खोटी नाही. सुरुवातीला ते लंडनमधलं जुनं घर साफ करत बसतात, पडद्यातले कीटक मार, कपाट झाड, ते मला तीन संध्याकाळी पुरलं आणि तिसऱ्या दिवशी वायरमन अण्णा म्हणाले, "आमच्या माळ्यार ह्याच्यापेक्षा जास्त कचरो आसा, तो साफ करूक कोण येयत तर बगा." शाळेचा राखणदार हॅग्रिड, त्याचा तो राक्षस सावत्र भाऊ जंगलात बांधून ठेवलेला, ते पण मी आटोपतं घेतलं असतं. लेखिकेने स्वतःच पुढे एकदा कबूल केलंय की हा भाग छोटा होऊ शकला असता. मग आम्ही म्हटलं तर काय बिघडलं. पण हरिविजयाचे छत्तीस अध्याय आपण चातुर्मासात वाचतोच ना, आणि एखाद्या अध्यायाला निम्मी मंडळी डुलक्या काढतात म्हणून पोथी बांधून कोणी वर ठेवत नाही. हे अडतीस आहेत, दोनच जास्त.

आता ओरडण्याबद्दल. वहीत सगळ्यात जास्त हेच आहे, अकरा जणांनी लिहिलंय की नायक उद्धट आहे, मोठ्यांशी ओरडून बोलतो, मुलांवर काय संस्कार होणार. यातला निम्मा दोष हॉलच्या पत्र्याचा आहे हे तुम्हाला सांगायलाच हवं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जो पाऊस लागला त्यात शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नव्हतं, मी साधं वाक्यसुद्धा बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. आणि त्या पुस्तकात हॅरी ओरडतो ना तेव्हा ते छापलंयच सगळं मोठ्या अक्षरात, म्हणजे इंग्रजी कॅपिटलमध्ये, ओळीच्या ओळी. ती मोठी अक्षरं आली की मला वाटायचं इथे अजून वर गेलं पाहिजे. मग मी उभा राहायचो. एकदा बाजूच्या दुकानदाराने शटर वर करून विचारलं, भांडण झाला काय. तर उद्धटपणा किती हॅरीचा आणि किती माझ्या घशाचा याचा हिशेब कोणी केलेला नाही.

पण तेवढ्यावर मी सुटून जाणार नाही, कारण तो चिडतो हे खरंच आहे. मी पहिल्यांदा हा भाग वाचला तेव्हा मलाही तो डोक्यात गेला होता. मी तेव्हा सोळा-सतराचा, आणि त्या वर्षी मी घरात कोणाशी धड बोलत नव्हतो, ताटावरून उठून जात होतो, वडील विचारायचे काय झालं आणि मला स्वतःलाच माहीत नसायचं. आणि तोच मी म्हणत होतो की हा पोरगा किती किरकिर करतो. आता या पावसाळ्यात वाचताना दिसलं की अरे याच्या डोळ्यांदेखत गेल्या वर्षी बरोबरचा एक मुलगा मारला गेलाय, हा खरं सांगतोय आणि वर्तमानपत्र रोज याला खोटारडा छापतंय, जादूगारांचं मंत्रालय म्हणतंय असं काही झालंच नाही, आणि ज्या एका माणसावर याचा विश्वास तो हेडमास्तर वर्षभर याच्या डोळ्याला डोळा देत नाही. तो ओरडणार नाही तर काय भजन म्हणेल?

आपले गुरुजी, जे तुमच्या कार्यकारिणीत आहेत आणि ज्यांच्याबद्दल मला आदर आहे, त्यांनी वहीत लिहिलंय की मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या वस्तू विद्यार्थी फोडतो आणि मुख्याध्यापक काही बोलत नाहीत, हे अयोग्य आहे. ते सदतिसावं प्रकरण. गुरुजी, तुम्ही त्या दिवशी लवकर उठून गेलात म्हणून सांगतो, पुढे तो म्हातारा कबूल करतो की चूक माझीच होती, तुला आधी सांगायला हवं होतं, मी तुला लहान समजून लपवत राहिलो. मला तरी दुसऱ्या कुठल्या गोष्टीत हेडमास्तर विद्यार्थ्यापुढे एवढं सरळ चुकलो म्हणाल्याचं आठवत नाही. तुमचं मत बदलावं असा आग्रह नाही, पण अर्ध्यावर उठून दिलेलं मत आणि शेवटपर्यंत बसून दिलेलं मत वहीत सारखंच मोजलं गेलं एवढंच म्हणणं आहे.

नोटीस लागली त्या दिवशीची गंमत सांगू का, रागावणार नसाल तर. या पाचव्या भागात मंत्रालयाने शाळेवर एक बाई आणून बसवलेली असते, अंब्रिज नावाची. गुलाबी स्वेटर, भिंतीवर मांजरांच्या बशा, बोलण्याआधी बारीक खोकणार, आणि रोज एक नवीन हुकूम काढून भिंतीवर ठोकणार. त्यातला चोविसावा हुकूम असा की विद्यार्थ्यांचे सगळे गट, मंडळं, क्लब आजपासून बरखास्त, आणि गट म्हणजे काय तर तीन किंवा जास्त विद्यार्थी नियमित भेटले तर. तुमच्या नोटिशीत तीनच आकडा कसा आला देव जाणे. ती सातवीतली मुलगी बोर्डापुढे उभी राहून दोनदा वाचत होती, मग माझ्याकडे वळून अगदी बारीक खोकली, "हं हं." बाकीच्यांना कळलं तसे सगळे हसायला लागले, त्यात आपल्या वाचनालयातल्या काकीपण. मी तुम्हाला अंब्रिज म्हणत नाहीये. तुमच्यापैकी कोणी गुलाबी घालत नाही. पण ज्या पुस्तकाबद्दल नाराजी आहे असं तुम्ही म्हणता ते त्या पोरीच्या डोक्यात किती बसलंय ते बघा.

आणि त्या बाईची एक शिक्षा आहे पुस्तकात, मुलाला वहीत ओळ लिहायला लावते, मी खोटं बोलता कामा नये, पण शाई देत नाही. पेन असं की लिहिलेली अक्षरं लिहिणाऱ्याच्या हाताच्या पाठीवर कापली जातात आणि कागदावर रक्ताने उमटतात. तो पोरगा रोज संध्याकाळी जाऊन लिहितो आणि कोणाला सांगत नाही. हे वाचलं त्या दिवशी लाईट गेलेली, मोबाईलच्या टॉर्चवर वाचत होतो. पुढच्या रांगेत एक खलाशी बसतो, पंचविशीतला, एरवी सारखे काहीतरी शेरे मारणारा. तो गप्प. नंतर बघितलं तर आपले हात टॉर्चखाली धरून उलटसुलट करून बघत होता, नायलॉनच्या दोरीने कापलेल्या जुन्या रेघा, पांढऱ्या पडलेल्या. काही बोलला नाही. त्याने वहीत काय लिहिलं ते मात्र तुम्ही तक्रार म्हणून धरलंय : "तो पोरगो सांगणा कित्याक नाय? माका सांगलो असतो तर मी गेलो असतंय." ही तक्रार पुस्तकाबद्दल आहे असं तुम्हाला खरंच वाटतं?

याच माणसाची अजून एक नोंद आहे. हॅरीला त्याचा बापासारखा सिरियस एक आरसा देतो, जोडीतला, एकात बोललं की दुसऱ्याला दिसतं. पोरगा ते पुडकं उघडतच नाही, पेटीच्या तळाशी टाकून विसरतो. मग त्याला खोटं स्वप्न पडतं की सिरियसला पकडून छळतायत, आणि हा आरशात एक हाक मारायची सोडून सगळ्यांना घेऊन लंडनला धावतो, आणि त्यात सिरियस जातो. सगळं संपल्यावर आरसा सापडतो. खलाशी म्हणाला, "म्हणजे व्हिडिओ कॉल आसलो आणि ह्येणा लावलोच नाय!" आणि तो खरंच भडकला होता, जाळं आपटून उठला. वहीत लिहिलं, मूर्ख हिरो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसला.

आता त्या पानाबद्दल, ज्याच्यावरून सगळ्यात मोठं भांडण झालं आणि बहुतेक तुमच्या कानावर तेच गेलं असावं.

सिरियस कसा मरतो, तर मंत्रालयाच्या तळघरात एक दगडी कमान आहे आणि तिला एक जुना फाटका पडदा. लढाई चालू आहे, हा हसतोय, समोरचीला चिडवतोय, तिचा मंत्र छातीवर बसतो आणि तो मागे त्या पडद्यातून पलीकडे पडतो. बस. पलीकडून बाहेर येत नाही. रक्त नाही, शेवटचं बोलणं नाही, प्रेत नाही. मी ते वाचलं आणि पुढच्या ओळीवर गेलो तर हॉलमध्ये कल्ला. "थांब थांब. तू पान गाळलंस." मी म्हटलं नाही गाळलं. "पडद्याआड गेलो म्हणजे खंय गेलो? असो कसो मरतलो?" कॉलेजवाला म्हणतो पिक्चरमध्ये नीट दाखवलंय, तुम्ही खाताय मधलं. पिक्चर २००७ चा, एवढं जाड पुस्तक दोन तास अठरा मिनिटांत बसवलेलं, त्याने उलट मला शिकवावं. मी शेवटी पुस्तक फिरवलं सगळ्यांत. ज्यांना इंग्रजी येतं त्यांनी पानांचे नंबर तपासले, एकानेही सुटलेलं पान दाखवलं नाही. वायरमन अण्णांनी बाइंडिंगच्या शिवणीत बोट घालून बघितलं. तिने तसंच लिहिलंय. हॅरीलाही तेच वाटतं ना, तो पण म्हणत राहतो की तो आत्ता येईल, पडद्याच्या मागेच आहे, आणि दुसरा माणूस त्याला धरून ठेवतो.

मग सगळे बोलायचे थांबले तेव्हा मागून आक्का बोलल्या, ज्या सकाळी मच्छीमार्केटला बसतात. त्या एरवी ऐकता ऐकता कोळंबी सोलत असतात, कधी मधे बोलत नाहीत. म्हणाल्या, "असोच मरता माणूस. आमचो भावोजी फयानात गेलो तो असोच." २००९ च्या नोव्हेंबरमधलं ते फयान वादळ, तुम्हाला आठवत असेलच, ती रात्र इथे कोण झोपलं होतं. "होडयेचा फळा मिळाला, तो नाय मिळालो. सासू दोन वर्सां त्येचा ताट वाढी." एवढं बोलून परत कोळंबी सोलायला लागल्या.

त्या दिवशी मी पुढे वाचलं नाही. वाचवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी मला मागचं एक विचारलं. त्या भागात शाळेच्या गाड्या ओढणारे घोडे असतात, काळे, हाडकुळे, पंखवाले, ज्याने मरण डोळ्यांनी बघितलंय त्यालाच ते दिसतात, बाकीच्यांना गाडी आपोआप चालतेय असं वाटतं. आक्का म्हणाल्या ते घोडे कुठल्या प्रकरणात होते ते परत वाच. मी वाचलं. सातवीतली पोरगी म्हणाली मला नसते दिसले. आक्का म्हणाल्या, "तुका नको दिसूक बाय इतक्यात." आता मला सांगा, ज्या मालिकेच्या पहिल्या भागात मिठाया आणि उडते झाडू, तिला इथपर्यंत यायला पाच भाग लागले आणि आम्हाला पाच पावसाळे. ही पोरगी तिसरीत असती तर तिने हे ऐकू नये असं मीही म्हटलं असतं. पण ती सातवीत आहे, आणि पुढच्या जूनमध्ये आठवीत असेल.

आक्कांची वहीतली नोंद (त्यांच्या सांगण्यावरून मुलीने लिहिलेली) तुम्ही वाचलीत का? त्यात लढाई नाही, जादू नाही. दवाखान्याचं प्रकरण आहे. नेव्हिल म्हणून वर्गातला एक विसराळू पोरगा, त्याच्या आईबापांना छळून छळून वेड लावलेलं, ते कायमचे दवाखान्यात. नाताळात तो आजीबरोबर भेटायला जातो, तर आई हळूच येऊन त्याच्या हातात काहीतरी देते. चुइंगमचा रिकामा कागद. आजी म्हणते टाक कचऱ्यात, अशा किती दिल्या असतील तुला, आणि तो सगळ्यांची नजर चुकवून खिशात घालतो. आक्कांनी लिहायला लावलं : "ह्यां पुस्तक लांब आसा. पण तो कागद माका अजून दिसता." पहिलं वाक्य तुमच्या नाराजीच्या यादीत गेलं. दुसरं कुठे गेलं?

आपल्याकडे जत्रेला दशावतार असतो. तुम्ही सगळे रात्रभर बसणारे आहात, अध्यक्ष तर स्वतः एके काळी पायपेटीवर बसायचे. आधी आडदशावतार, गणपती येतो, संकासुर येतो, पोरं हसतात, सगळे ताजेतवाने. मग आख्यान सुरू होतं, आणि रात्री तीनच्या सुमाराला काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. राजा वनवासात, राणी रडतेय, एकेक पद दहा दहा मिनिटं. बाया शालीत तोंड घालून पेंगतात, बाप्ये उठून चहाच्या टपरीवर जाऊन नावं ठेवतात, औंदाचो राजा नुसतो बोंबलता. अगदी हेच शब्द. म्हणून देवस्थान कमिटी तीन वाजता पेट्रोमॅक्स विझवते काय? टपरीवर नावं ठेवणाराच पहाटे युद्धाच्या वेळी पहिल्या रांगेत असतो, आणि दहीकाल्यापर्यंत हलत नाही. पाचवा भाग म्हणजे या मालिकेचे रात्रीचे तीन आहेत. आमची वही म्हणजे चहाची टपरी. तिथलं बोलणं ऐकून तुम्ही नाटक बंद केलंत.

आणि पाचव्यात सगळं रडगाणंच आहे असंही नाही. ते जुळे भाऊ त्या बाईच्या नाकावर टिच्चून शाळा सोडून झाडूवरून उडून जातात आणि जाताना कॉरिडॉरमध्ये एक अख्खी दलदल करून ठेवतात, त्या संध्याकाळी टाळ्या वाजल्या होत्या आपल्या हॉलमध्ये. दुसऱ्या मास्तरांनी नंतर ती दलदल साफ करताना एक छोटा तुकडा मुद्दाम ठेवला, चांगली जादू आहे म्हणून, दोरी बांधून. वायरमन अण्णा अजून म्हणतात की हॉलच्या कोपऱ्यात जिथे गळतं तिथे आपण पण दोरी बांधूया. (गळती खरंच बघा. डांबराच्या गोळ्या टाकून बुरशी जात नाही, मधलं कपाट भिंतीपासून हातभर पुढे घ्यायला हवं, हे मी गेल्या वर्षी पण लेखी दिलंय.)

पैशाचं म्हणाल तर ग्रँट कधी येते, किती येते, आली तर पगार आधी की पुस्तकं आधी, ते मला कळतं, मी हिशेबाचाच माणूस आहे. पण तुम्ही कारण पैशाचं दिलेलं नाही. तुम्ही कारण दिलंत आमच्या मतांचं. पैसे नाहीत म्हणा, आम्ही वर्गणी काढतो, विषय संपला. याच किनाऱ्यावर रत्नागिरीत १८२८ पासून वाचनालय आहे, तिथेही कपाटातली सगळीच पुस्तकं काही सगळ्यांना आवडून राहिलेली नसणार. आवडलं नाही हे लिहायला वही ठेवली असेल तर ती लिहिणाऱ्याच्याच अंगावर येऊ नये. आता काय झालंय माहितीये का, नोटीस लागल्यापासून वहीत सगळे "छान पुस्तक", "छान पुस्तक" एवढंच लिहायला लागलेत. एकाने तर पंचांगाबद्दल छान पुस्तक लिहिलंय.

सहावा भाग २००५ चा, सातवा २००७ चा, दोन्ही कधीचे येऊन पडलेत, कोणाला तीन वर्षं थांबायचं नाहीये. मला फक्त पुढच्या एक जूनच्या आत सहावा हातात हवा. सातवा त्याच्या पुढच्या वर्षी घ्या, घाई नाही, तेव्हा ती मुलगी नववीत असेल आणि मी म्हणतो ते योग्य वय आहे त्या भागाला. दोन्ही पुस्तकं मी आधी स्वतः वाचून गुरुजींना आक्षेपार्ह वाटतील ती पानं दाखवीन, पण गाळणार नाही. गाळलं तर आक्का ओळखतील.

एक ऑगस्टला होड्या गेल्या. तो खलाशी पण गेला. किनाऱ्यापासून थोडं आत जाईपर्यंत रेंज असते, तेवढ्यात त्याचा मेसेज आला, "सहावो इलो काय?" मी लिहिलं मीटिंग आसा. त्याने अंगठा टाकला आणि मग रेंज गेली असावी. काल माल उतरवायला आला तेव्हा परत विचारलं, बर्फाची लादी खांद्यावर घेऊनच. मी नोटिशीचं सांगितलं. तो म्हणाला, "मग तो हेडमास्तर जगता काय तां तरी सांग." मी नाही सांगितलं.

नोटिशीतल्या त्या तीनच्या आकड्याचं काय ते ठरवा. तोपर्यंत आम्ही दोघं दोघं बसतो.

चावीचं राहिलं. काकींनी सांगितलं की सेक्रेटरींना परत हवी आहे. घरी आणून देणार नाही, रोज संध्याकाळी साडेसहा ते आठ मी हॉलवरच असतो, तिथे येऊन घेऊन जा, आणि आलात तर जरा बसा, जुळ्यांचं प्रकरण परत वाचायची फर्माईश झालीय.

आपला,
बर्फ फॅक्टरीतला